इयान डोनाल्ड: बॉयलरची भेग शोधणाऱ्या मशीनने पोटातलं बाळ दाखवणारा डॉक्टर

कुठल्याही सोनोग्राफी सेंटरमध्ये गेलात की एक बोर्ड दिसतोच. इथे गर्भलिंगनिदान होत नाही आणि ते करणं कायद्याने गुन्हा आहे, असं त्यावर लिहिलेलं असतं. ईसीजीच्या खोलीबाहेर असा बोर्ड नसतो. रक्तदाब मोजायच्या मशीनवरही नसतो. मग सोनोग्राफीच्याच मशीनला एवढा कडक कायदा का?

याचं उत्तर शोधताना मी या मशीनच्या इतिहासात शिरलो आणि एका भन्नाट माणसापर्यंत पोहोचलो. त्यांचं नाव इयान डोनाल्ड. गरोदर बाईच्या पोटातलं बाळ आवाजाच्या मदतीने बघायची पद्धत ज्यांनी दवाखान्यात रुजवली, ते हे डॉक्टर. त्यांची गोष्ट नीट समजून घेतली की तो बोर्डही समजतो. चला तर मग, सुरुवातीपासून बघू.

कला शाखेचा पदवीधर डॉक्टर होतो

इयान डोनाल्ड यांचा जन्म २७ डिसेंबर १९१० रोजी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल भागात लिस्कर्ड या गावी झाला. घराणं मूळचं स्कॉटलंडचं. वडील डॉक्टर होते, आई पियानो वाजवायची. चार भावंडांत इयान थोरले. वडिलांची तब्येत बरी नसायची, म्हणून कुटुंब दक्षिण आफ्रिकेला गेलं.

तिथे १९२७ साली घरात घटसर्प शिरला. आई त्यात गेली. तीन महिन्यांनी हृदयविकाराने वडीलही गेले. इयान तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते, म्हणजे आपल्याकडे अकरावी-बारावीतला मुलगा.

पुढे केपटाऊनच्या विद्यापीठातून त्यांनी पदवी घेतली, पण विज्ञानाची नाही. भाषा आणि संगीत हे त्यांचे विषय होते. १९३१ मध्ये ते लंडनला परतले, सेंट थॉमस हॉस्पिटलच्या कॉलेजात शिरले आणि १९३७ मध्ये डॉक्टर झाले. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. पुढे त्यांना चार मुली झाल्या. ही चार मुलींची गोष्ट लक्षात ठेवा.

युद्धाने शिकवलेलं इलेक्ट्रॉनिक्स

दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड ब्रिटनच्या हवाई दलात डॉक्टर होते. एकदा एक बॉम्बर विमान कोसळून पेटलं. आत बॉम्ब तसेच होते आणि माणसं अडकली होती. डोनाल्ड आत घुसले आणि त्यांनी माणसं बाहेर काढली. या शौर्यासाठी त्यांना सन्मान मिळाला.

पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. हवाई दलात त्यांनी रडार आणि सोनार जवळून पाहिलं. रडार रेडिओ लहरी सोडतं आणि विमानावर आपटून परत आलेली लहर पकडतं. सोनार तेच काम पाण्याखाली आवाजाने करतं, पाणबुड्या शोधण्यासाठी. जे डोळ्यांना दिसत नाही ते प्रतिध्वनीवरून ओळखता येतं, ही कल्पना त्यांच्या डोक्यात पक्की बसली.

युद्ध संपल्यावर ते प्रसूतिशास्त्राकडे वळले. लंडनमध्ये असताना नवजात बाळांना श्वास घ्यायला मदत करणाऱ्या मशीनवर त्यांनी काम केलं. यंत्रांची आवड एवढी होती की लोक त्यांना गमतीने वेडा डोनाल्ड म्हणायचे. १९५४ मध्ये त्यांना स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून बोलावणं आलं. ग्लासगो तेव्हा जहाजं आणि बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यांचं शहर होतं. पुढची सगळी गोष्ट याच कारखान्यांमुळे घडली.

आधी तंत्र समजून घेऊ

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्याच्या वरचा आवाज म्हणजे अल्ट्रासाऊंड. सोनोग्राफीत तो लाखो हर्ट्झच्या घरात असतो.

हा आवाज काढतो एक खास स्फटिक. त्याला वीज दिली की तो कंप पावतो आणि उलट त्याला कंप दिला की वीज तयार होते. म्हणजे तोच स्पीकर आणि तोच माइक. हा गुण प्येर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० च्या सुमारास शोधला.

आता गणित बघा. शरीराच्या मऊ भागातून आवाज सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. समजा प्रोबमधून निघालेला आवाज १३० मायक्रोसेकंदांनी परत आला. वेग गुणिले वेळ केलं की साधारण २० सेंटिमीटर येतात. हे जाऊन-येऊन झालं, म्हणून भागिले दोन. म्हणजे १० सेंटिमीटर आत काहीतरी आहे. असे हजारो प्रतिध्वनी मोजून स्क्रीनवर ठिपके मांडले की चित्र तयार होतं.

सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१० मध्ये स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट सेन्सर याच तत्त्वावर चालतो. बोटावरच्या रेषांवरून परत आलेला आवाज तो वाचतो. गाडी रिव्हर्स घेताना टूंटूं वाजणारा सेन्सरही याच घराण्यातला.

दोन गाड्या भरून गाठी

१९५०च्या दशकात कारखान्यांत असंच एक मशीन वापरात होतं. बॉयलरच्या वेल्डिंगमध्ये किंवा जाड लोखंडी पत्र्यात आत बारीक भेग असेल तर बाहेरून दिसत नाही. हे मशीन लोखंडात आवाज सोडायचं. मध्येच भेग असली की प्रतिध्वनी लवकर परत यायचा.

ग्लासगोजवळ रेनफ्रू इथे बॅबकॉक अँड विल्कॉक्स नावाची बॉयलर बनवणारी कंपनी होती. तिथल्या एका संचालकाची बायको डोनाल्ड यांची पेशंट होती. त्या ओळखीतून त्यांनी कारखान्यात यायची परवानगी मिळवली. २१ जुलै १९५५ रोजी ते तिथे पोहोचले. सोबतच्या दोन गाड्यांत ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी भरल्या होत्या. तुलना करायला म्हणून कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता.

एकेका गाठीवर ते मशीन लावलं आणि फरक लगेच दिसला. पाण्याने भरलेल्या गाठीतून आवाज सरळ पार जायचा आणि पलीकडच्या भिंतीवरून एकदम परत यायचा. भरीव गाठीत मात्र जागोजागी प्रतिध्वनी उठायचे आणि हळूहळू विरून जायचे. म्हणजे पोट न फाडता गाठ कुठल्या प्रकारची आहे ते सांगता येणार होतं.

हे का महत्त्वाचं होतं? कारण तेव्हा डॉक्टरकडे दोनच साधनं होती, हाताने चाचपणं आणि एक्स-रे. आणि गरोदर बाईचा एक्स-रे काढणं धोक्याचं असल्याचं तेव्हाच पुढे येऊ लागलं होतं. गर्भात असताना एक्स-रे झालेल्या मुलांमध्ये कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसतं, हे अ‍ॅलिस स्टुअर्ट या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५६ पासून मांडायला सुरुवात केली.

एका इंजिनिअरचा फोन

ही गोष्ट एकट्या डॉक्टरची नाही आणि इंजिनिअर म्हणून मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

भेगा शोधणारी मशीन्स बनवणाऱ्या केल्विन अँड ह्यूजेस कंपनीत टॉम ब्राऊन नावाचा एक तरुण काम करत होता. वय २३. कोणी एक प्राध्यापक आपल्या कंपनीचं मशीन माणसांवर वापरतोय, असं १९५६ मध्ये त्याच्या कानावर आलं. त्याने टेलिफोन डिरेक्टरीत डोनाल्ड यांचा नंबर शोधला आणि सरळ फोन लावला.

भेट झाली. त्यांच्याकडचं उसनं मशीन या कामाला बरोबर नाही, हे ब्राऊनने पाहताच ओळखलं. त्याने कंपनीकडून चांगलं मशीन मिळवून दिलं. पण त्यावर नुसती वरखाली जाणारी रेषा दिसायची. ती वाचायला सराव लागायचा. ब्राऊनने पुढचा विचार केला. प्रोब पोटावरून फिरवायचा, तो कुठे आहे आणि कुठल्या दिशेला कललाय हे यंत्रानेच मोजायचं आणि प्रत्येक प्रतिध्वनी स्क्रीनवर त्याच्या जागी मांडायचा. म्हणजे रेषेऐवजी पोटाचा आडवा छेदच दिसेल.

१९५७ मध्ये त्याने असं यंत्र हॉस्पिटलच्या खाटेवरच्या जेवणाच्या टेबलावर उभं केलं. हवेतून हा आवाज नीट जात नाही. म्हणून आधी पोटावर पाण्याचं भांडं ठेवून बघितलं, पण पाणी सांडून पसारा व्हायचा. मग पोटावर ऑलिव्ह तेल लावायला सुरुवात झाली. आज सोनोग्राफीत जे गार जेल लावतात, त्याचं काम तेच.

हाताला एक कळलं, आवाजाने दुसरंच सांगितलं

बाकीचे डॉक्टर सुरुवातीला हसायचे. हाताने तपासून कळतं ते सांगायला एवढं धूड कशाला, असा सूर होता.

मग एक पेशंट आली. पोट खूप फुगलेलं. पोटाचा कॅन्सर पसरलाय, आता काही करता येणार नाही, असं निदान झालं होतं. डोनाल्ड आणि त्यांचे सहकारी जॉन मॅकविकार यांनी मशीन लावलं. पाण्याची मोठी गाठ असल्यासारखे प्रतिध्वनी आले. ऑपरेशन केलं तर खरोखरच अंडाशयाची मोठी गाठ निघाली. ती काढली आणि बाई बरी झाली. त्यानंतर मशीनला हसणं कमी झालं.

७ जून १९५८ रोजी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात डोनाल्ड, मॅकविकार आणि ब्राऊन या तिघांचा लेख छापून आला. त्यात पोटातल्या बाळाचं अल्ट्रासाऊंड चित्रही होतं. लेखावर इंजिनिअरचं नाव डॉक्टरांच्या बरोबरीने आहे, हे मला आवर्जून सांगायचंय.

पुढच्या काही वर्षांत ग्लासगोत कितीतरी गोष्टी घडल्या. बाळाच्या डोक्याची रुंदी मोजून ते नीट वाढतंय का हे बघता येऊ लागलं. जुळी आहेत का, वार कुठे चिकटली आहे, हे आधी कळू लागलं. वार गर्भाशयाच्या तोंडाशी असेल तर बाळंतपणात रक्तस्राव होऊन आईचा जीव जाऊ शकतो. ते आधीच कळणं म्हणजे किती मोठी गोष्ट!

आणि एक गंमत. सोनोग्राफीआधी भरपूर पाणी प्यायला सांगतात ना? त्याचं मूळही इथेच आहे. मूत्राशय भरलेलं असलं की ते हवेने भरलेली आतडी बाजूला सारतं आणि आवाजाला आत जायला पाण्याची खिडकी मिळते, हे डोनाल्ड यांच्या १९६३ मध्ये लक्षात आलं. त्यामुळे अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतला गर्भही दिसू लागला.

या सगळ्या काळात त्यांचं स्वतःचं हृदय मात्र खराब होतं. हृदयाच्या झडपेसाठी त्यांची मोठी ऑपरेशन्स झाली. तरी ते कामावर परत यायचे. १९६४ मध्ये ग्लासगोत क्वीन मदर्स हॉस्पिटल उघडलं, त्याच्या आराखड्यातही त्यांचा मोठा वाटा होता. स्वभाव तापट होता, पण पेशंटसाठी जीव टाकणारा माणूस होता, अशी त्यांची ख्याती. १९७६ मध्ये ते निवृत्त झाले.

त्यांना हे मशीन कशासाठी हवं होतं?

डोनाल्ड श्रद्धाळू ख्रिश्चन होते आणि गर्भपाताचे कट्टर विरोधक. १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये गर्भपात कायदेशीर करणारा कायदा आला तेव्हा त्यांनी जाहीर विरोध केला. गर्भपात मागायला आलेल्या बायकांना ते स्क्रीनवर त्यांचा गर्भ दाखवायचे. बघितल्यावर मन बदलेल, अशी त्यांची समजूत होती.

या मुद्द्यावर मला डोनाल्ड पटत नाहीत. गर्भ ठेवायचा की नाही हा त्या बाईचा प्रश्न आहे आणि तिला चित्र दाखवून तिच्यावर दडपण आणणं योग्य नाही, असं माझं मत आहे. पण त्यांचा विश्वास काय होता हे नीट समजून घ्या: पोटातलं बाळ डोळ्यांनी दिसलं की माणूस त्याला जपेल.

आता बघा, ही समजूत आपल्याकडे आल्यावर तिचं काय झालं.

आपल्याकडे काय झालं?

भारतात गर्भाचं लिंग तपासणं आधी सुरू झालं ते गर्भजल तपासणीने. आनुवंशिक आजार ओळखायला १९७०च्या दशकात ही तपासणी आली आणि लवकरच मुलगी आहे का हे बघायला वापरली जाऊ लागली. त्यात पोटात सुई घालावी लागायची, प्रयोगशाळा लागायची. सोनोग्राफीचं चित्र स्पष्ट झालं आणि मशीन स्वस्त, लहान झालं, तेव्हा हे काम सोपं झालं. सुई नाही, दुखणं नाही, तालुक्याच्या गावातही सोय.

१९८०च्या दशकात मुंबईत स्त्री संघटना आणि काही डॉक्टरांनी याविरुद्ध आवाज उठवला. डोनाल्ड १९ जून १९८७ रोजी वारले. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. २००३ मध्ये दुरुस्ती होऊन त्याचं आजचं रूप आलं, ज्याला आपण पीसीपीएनडीटी म्हणतो.

कायदा आला, पण जनगणनेचे आकडे बघा. सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३. २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ मध्ये ८०७ वर आल्या.

चार मुलींचा बाप असलेल्या एका डॉक्टरने आयांचा आणि बाळांचा जीव वाचावा म्हणून जे मशीन दवाखान्यात आणलं, त्याच मशीनवर बघून मुली नाकारल्या गेल्या. चित्र दिसलं की माणूस जपेल, ही त्यांची समजूत होती. आपल्याकडे चित्र दिसलं आणि घरच्यांनी आधी विचारलं, मुलगा की मुलगी.

मशीनमध्ये लॉक का टाकत नाहीत?

हा प्रश्न तंत्रज्ञान आवडणाऱ्या प्रत्येकाला पडतो. लिंग दिसणारा भाग सॉफ्टवेअरने झाकता येणार नाही का?

अडचण अशी आहे की मशीनसाठी तो वेगळा डेटा नाहीच. बाळाचं हृदय, मणका, मांडीचं हाड, सगळं त्याच प्रतिध्वनींतून येतं. मांडीचं हाड मोजायचं, मूत्राशय आहे का बघायचं तर प्रोब तिथूनच फिरणार. महत्त्वाचा व्यंगदोष झाकला गेला तर बाळाचं नुकसान. कोल्हापूरमध्ये मशीनला सायलेंट ऑब्झर्व्हर नावाचं उपकरण जोडून तपासणीची नोंद ठेवण्याचा प्रयोग झाला. पण नोंद ठेवणारं उपकरण बोलणाऱ्याचं तोंड धरू शकत नाही.

म्हणून कायद्याने दोन टोकं पकडली आहेत. एक, प्रत्येक मशीन आणि सेंटरची नोंदणी आणि प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीचा फॉर्म एफ. दोन, सांगण्यावर बंदी. डॉक्टरने लिंग शब्दांनी, खुणेने किंवा आणखी कुठल्याही प्रकारे सांगायचं नाही. पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी दबाव आणला असंच कायदा गृहीत धरतो, त्यामुळे रोख तिच्यावर नसतो. हेही लक्षात ठेवा की १९७१ च्या कायद्याच्या अटींत बसणारा गर्भपात आपल्याकडे कायदेशीर आहे. गुन्हा आहे तो लिंग तपासणं आणि सांगणं.

आणि हे तुमच्या फोनपर्यंतही येतं. इंटरनेटवर लिंगनिदानाची जाहिरात करायलाही बंदी आहे. साबू जॉर्ज यांनी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यानंतर गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांना अशा जाहिराती आपोआप अडवणारी यंत्रणा ठेवावी लागली. माहितीला बंदी नाही, हा लेखही तुम्ही वाचू शकताय. बंदी आहे ती हे काम विकायला.

आता तर फोनला जोडून चालणारे खिशात मावणारे प्रोब निघाले आहेत. दुर्गम भागातल्या बाळंतिणीसाठी ते वरदान ठरू शकतात. पण तेही याच कायद्यात येतात, त्यांचीही नोंदणी लागते. कोणी घरी येऊन मशीन लावून सांगतो म्हणत असेल तर तो सरळ गुन्हा आहे. त्याची तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करता येते.

डोनाल्ड यांनी आवाजाला पोटात पाठवलं आणि परत आलेला प्रतिध्वनी वाचायला शिकवलं. तिथपर्यंत काम डॉक्टरचं आणि इंजिनिअरचं. ते चित्र बघून घरात काय बोललं जातं, ते कुठलंही अपडेट बदलू शकत नाही. तुमच्या घरात, मित्रांच्या घरात कोणी गरोदर असेल तर सोनोग्राफी जरूर वेळेवर करा. डॉक्टरांना बाळाची वाढ विचारा, वार कुठे आहे विचारा, ठोके ऐका. आणि नात्यातल्या कोणी तो दुसरा प्रश्न काढलाच, तर तिथेच थांबवा.

माहिती उपयोगी वाटली असेल तर फॅमिली ग्रुपवर नक्की पाठवा. हा लेख खरं तर तिथेच वाचला जायला हवा.